इजिप्तच्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रे विक्रीसाठी काढण्यास सुरुवात कोणी केली?

एकाच नावावर बोट ठेवणे कठीण आहे. फ्रेंच लेखक माक्सीम द्यू काँ यांनी १८४९ ते १८५१ या काळातील प्रवासात कागदी निगेटिव्हवर टिपलेली दृश्ये १८५२ मध्ये फ्रान्समध्ये ग्रंथरूपाने विक्रीस आली. परंतु या कामाचा खऱ्या अर्थाने धंदा उभा केला तो, माझ्या मते, इंग्रज छायाचित्रकार फ्रान्सिस फ्रिथ यांनी. लिव्हरपूलमधील किराणा व्यवसाय विकून मोकळे झालेल्या फ्रिथ यांनी १८५६ ते १८६० या दरम्यान तीन सफरी केल्या. काचेवर कलोडियन या चिकट रसायनाचा लेप देऊन, तो ओला आहे तोवरच चित्र घेऊन धुवावे लागे, आणि तंबूतल्या उष्म्याने ते रसायन काचेवर ओतताच उकळू लागे, म्हणून कधीकधी प्राचीन थडग्यांचाच डार्करूमसारखा उपयोग करावा लागला. (मृतांच्या घरी एवढी गडबड क्वचितच झाली असेल!) त्यांच्या सर्वांत मोठ्या काचा सुमारे १६ बाय २० इंचांच्या होत्या, काच जेवढी, छापही तेवढाच. त्यांची स्टिरिओ चित्रे (दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिल्यास खोली भासवणारी जोडचित्रे) लंडनच्या नेग्रेटी अँड झँब्रा या कंपनीने विकली. पुढे १८६० च्या दशकात छायाचित्रकार आंतोनियो बिआतो यांनी थेट इजिप्तमधील लक्सरमध्येच स्टुडिओ थाटला, कारण गिऱ्हाईक, म्हणजे युरोपीय पर्यटक, आता दारातच येऊ लागले होते.