एन्झाइमची कॅप्सूल नवीनच सुरू झालीय? आधी एवढं सांभाळा

ताई, मिस्टरांना स्वादुपिंडाची (पॅन्क्रियाजची) जुनाट सूज आहे, वजन उतरलंय आणि आता एन्झाइमची कॅप्सूल सुरू झालीय, असं तुम्ही लिहिलंत. धीर सोडू नका, वजन परत भरून येऊ शकतं. या सुजेमुळे स्वादुपिंडाचा पाचकरस, म्हणजे अन्न पचवणारी एन्झाइम्स, कमी पडतात, ती ही कॅप्सूल बाहेरून पुरवते. ती अन्नात मिसळायला हवीत, त्यामुळे सगळा खेळ वेळेचा.

- पहिल्या घासाबरोबर घ्यायची. बरेच जण जेवण उरकल्यावर घेतात आणि मग फायदा कमी होतो.
- दूध, चिवडा, भजी यांच्यासोबतही लागते. नुसत्या कोऱ्या चहाला नको.
- चावायची नाही. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात घालून द्या, गरम वरणभातात नको.

तूप-तेल आपल्या मनाने बंद करू नका. शौचाला तेलकट, चिकट, तरंगणारं होत असेल तर डॉक्टरांना सांगून डोस तपासून घ्या. दारू-तंबाखू मात्र आजपासून पूर्ण बंद.