‘मला फादर व्हायचंय’

ठाण्याच्या चरईतून अकरावीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका असं तिने लिहिलंय, म्हणून छापत नाही. ती म्हणते, “सातवीपासून मी मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) अल्टर सर्व्हर, म्हणजे वेदीपाशी फादरांना मदत करणारी, आहे. माझा मामेभाऊ पुढच्या वर्षी सेमिनरीत (फादर होण्याच्या शाळेत) जाणार, तर घरात पेढे वाटले. मी म्हटलं, मलाही फादर व्हायचंय, तर सगळे हसले. आई म्हणाली, मग सिस्टर हो. मला सिस्टर नाही व्हायचंय. मुलींना का चालत नाही ते कुणी नीट सांगत नाही. तुम्ही सांगाल? आणि मी आता शिकू तरी काय?”

अगं, मी हसले नाही. मी तुमच्या धर्मातली नाही, त्यामुळे लिहायला बसण्याआधी एका फादरांना आणि ईशज्ञान, म्हणजे धर्माचं शास्त्र, शिकवणाऱ्या एका सिस्टरांना गाठलं, थोडं वाचलंही. त्यातून जे कळलं ते सांगते.

कॅथलिक चर्चमध्ये तुला फादर होता येणार नाही. कुठल्याही परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी मी मुलांना पात्रतेचा रकाना वाचायला लावते. इथे तो रकाना म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम 1024. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या पुरुषालाच गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, देता येते, असं ते सांगतं. बाईला दिली तर ती दीक्षा झालीच नाही असं धरतात. 2002 मध्ये युरोपात डॅन्यूब नदीवरच्या बोटीत सात बायकांनी अशी दीक्षा घेतली होती. त्यांना बहिष्कृत केलं गेलं.

आता ‘का’. तुला वाटत असेल की हे एनडीएसारखं, खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीसारखं आहे. तिथेही मुलींना दार बंद होतं, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उघडायला लावलं आणि 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. पण इथे चर्चचं म्हणणंच वेगळं आहे. “आम्ही परवानगी देत नाही” असं ते म्हणत नाही. “परवानगी देण्याचा अधिकारच आम्हाला नाही” असं म्हणतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 22 मे 1994 च्या पत्रात नेमकं हेच लिहिलं आणि हा निर्णय सर्वांनी कायमचा मानावा असंही सांगितलं. गंमत बघ, मुलींना अल्टर सर्व्हर होऊ द्यायला हरकत नाही असं रोमने, म्हणजे पोपच्या कार्यालयाने, कळवलं तेही 1994 मध्येच, दोन महिने आधी. एकाच वर्षात एक दार उघडलं आणि दुसऱ्याला कुलूप लागलं. तू नेमकी त्या दोन दारांच्या मधल्या पायरीवर उभी आहेस.

अधिकार का नाही? कारण येशूने जे बारा प्रेषित, म्हणजे पट्टशिष्य, निवडले ते सगळे पुरुष होते. त्या काळी बायकांना कोण विचारत होतं, असं आपण म्हणतो. त्यावर चर्चचं उत्तर असं, की येशू रीतभात पाळून गप्प बसणारा नव्हता. विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी तो सर्वांदेखत बोलला, पुनरुत्थानानंतर आधी मग्दालिया मरियेला भेटला. त्याच्या मनात असतं तर त्याने बाईही निवडली असती. शिवाय त्याची आई मरिया सगळ्या संतांहून वरची, पण तीही बारांमध्ये नाही. म्हणजे ही निवड लायकीवर झालेली नाही, असं ते मानतात.

दुसरा मुद्दा खुणेचा. मिस्सात फादर “हे माझं शरीर आहे” असं म्हणतात, “हे त्याचं शरीर आहे” असं नाही. त्या क्षणी ते ख्रिस्ताच्या जागी उभे असतात, म्हणून ती खूण पुरुषाचीच हवी. हे मला पटेना, तेव्हा सिस्टरांनी भाकरीचं उदाहरण दिलं. तुमच्याकडे रोजचं जेवण तांदळाचं, पण मिस्साला तांदळाची भाकरी चालत नाही, गव्हाचीच लागते. गहू श्रेष्ठ म्हणून नाही, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री जे होतं तेच पुढे चालवायचं म्हणून. तर्काची बैठक कळली. पण माणूस म्हणजे गहू-तांदूळ नव्हे, हे माझ्या मनातून गेलं नाही. तुझ्याही जाऊ नये.

आणि हे सगळ्यांना पटतं असंही नाही. 1976 मध्ये पोपच्याच बायबल आयोगातल्या अभ्यासकांनी म्हटलं होतं की, नुसत्या नव्या करारावरून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. त्याच वर्षी रोमने जे निवेदन काढलं त्याचा भर परंपरेवरही होता. ‘विटाळ असतो ना बायकांना’ असं कुणी शेजारपाजारचं सांगेल, तर ते सोडून दे. ते चर्चचं कारण नाही, ते आपल्या माजघरातलं आहे.

माझ्या आईचं वर्षश्राद्ध एका बाई गुरुजींनी केलं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्था बायकांना पौरोहित्य शिकवतात. तिथे कुणी शिकवायला सुरुवात केली, चार यजमानांनी बोलावलं आणि रस्ता झाला, वर बसून नाही म्हणणारं एकच कार्यालय नव्हतं. तुमच्याकडे ते आहे. म्हणून तुझ्या हयातीत हे बदलेल या भरवशावर शिक्षणाची आखणी करू नकोस. बायकांना डीकन (फादरांच्या खालची दीक्षा घेतलेले सेवक) करावं का, यावर रोमने समित्या नेमून अभ्यास केला, दार काही उघडलं नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बायका पाळक, म्हणजे धर्मगुरू, होतात. चर्च ऑफ साउथ इंडियात तर 2013 मध्ये एक बाई बिशपही झाल्या. पण नोकरीसाठी पंथ बदल, असं मी सांगणार नाही.

आईचं ‘मग सिस्टर हो’ मात्र चुकलं. सिस्टर होणं हे फादर न झाल्याचं उत्तेजनार्थ बक्षीस नाही. ते वेगळं बोलावणं आहे.

मग तुला नेमकं काय हवंय? फादरांच्या कामातलं काय तुला ओढतं? पत्रात तू दोनदा लिहिलंयस की प्रवचन ऐकताना ‘मी असती तर हे वेगळं सांगितलं असतं’ असं वाटतं. हे शिकण्याचं लक्षण आहे. ईशज्ञान बायकाही शिकतात. पुण्याच्या ज्ञानदीप या संस्थेत सिस्टर आणि सामान्य घरातल्या मुलीही असतात. आधी तत्त्वज्ञान किंवा मानसशास्त्रात बीए कर, मग तिकडे जा. वादविवाद आवडत असेल तर चर्चचा कायदा बघ. त्याला लॅटिन लागतं. बंगळुरूच्या सेंट पीटर्समध्ये तो शिकवतात. विवाह रद्द ठरवण्याचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयात 1983 च्या कायद्यापासून दीक्षा न घेतलेली माणसंही न्यायाधीश होऊ शकतात, त्यात बायकाही आल्या. लोकांच्या अडचणीत धावून जाणं हवं असेल, तर चर्चगेटच्या निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य आहे.

पैशांबद्दल आईला खरं सांग. चर्चमधल्या पगारी जागा थोड्या आणि पगार बेताचे. म्हणून ईशज्ञानाच्या जोडीला समुपदेशनाची पदवी हवीच, ती शाळेत किंवा हॉस्पिटलमध्ये पोट भरेल.

आत्ता एक कर. तुमच्या चर्चमधून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे घरोघरी ख्रिस्तप्रसाद नेणारे लोक असतात, त्यात बायकाही असतात. फादरांना विचारून एखाद्या मावशींबरोबर महिनाभर जा. प्रसाद द्यायचं काम त्यांचं, तू नुसती बस आणि ऐक. घरी आलीस की कुठल्या घरातून निघावंसं वाटलं नाही आणि कुठे घड्याळ बघितलं, ते लिहून ठेव आणि मला पाठव. बारावीनंतरचं आपण त्यावरून ठरवू.