वेफर्सच्या पाऊचचे फोटो कुणाकडून काढायचे?

भाऊ, जळगावच्या केळीच्या वेफर्सचा ब्रँड काढतोयस, झकास! पण फोटोला लग्नाचा फोटोग्राफर नको. माणूस हुशार असेल, काम वेगळं. प्रॉडक्टचे फोटो काढणारा शोध आणि त्याला पहिलंच विचार, चकचकीत पाऊच कधी शूट केलंय का? त्यावर लाइटचा पांढरा पट्टा उठतो आणि नेमकं ब्रँडचं नाव गायब. मोठा सॉफ्टबॉक्स (लाइट मऊ करून पसरवणारी कापडी पेटी) लागतो, सुरकुत्या जाईपर्यंत पाऊच आतून नीट भरावं लागतं. एका पाऊचची ट्रायल घे, पैसे देऊन (फुकट मागू नकोस रे). अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, वस्तूने ८५ टक्के फ्रेम भरावी लागते. आणि कोटेशनखालच्या बारीक अटी वाच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने पैसे देऊन काढून घेतलेला फोटो आपला, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच.