४ फेब्रुवारीला संगीताच्या इतिहासात काय विशेष घडलं?

आम्हा बेळगावकरांना ही तारीख पहिल्यांदा पंडित भीमसेन जोशींमुळे आठवते. जन्म ४ फेब्रुवारी १९२२, गदगकडचे. कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकले आणि पुढे पुण्याचेच झाले. आमच्या घरात आषाढीला त्यांचे अभंग लागायचे आणि शुक्रवारी त्यांच्याच आवाजात 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'. पहिलं मराठी, दुसरं कन्नड, हा फरक लहानपणी कधी जाणवलाच नाही. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

याच तारखेला, २०२३ मध्ये, पार्श्वगायिका वाणी जयराम चेन्नईत वारल्या. जेमतेम दहा दिवस आधी त्यांना पद्मभूषण जाहीर झाला होता. फार चटका लागला. मूळच्या तमिळ, पण त्यांना संधी दिली ती आपल्या संगीतकार वसंत देसाईंनी. 'गुड्डी'तलं 'बोले रे पपीहरा' सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्यांचं 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' जास्त जवळचं, कारण त्यात सोबत कुमार गंधर्व आहेत आणि कुमारजी आमच्या बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीचे! त्यांची जन्मतारीख वेगळी, ८ एप्रिल १९२४. पण ४ फेब्रुवारीला हे गाणं लावल्याशिवाय माझा दिवस जात नाही. कन्नडमध्येही वाणीबाई भरपूर गायल्या आहेत, तीही गाणी जरूर ऐका.

पाश्चात्त्य संगीतातलं हवं असेल तर अमेरिकन गायिका कॅरेन कारपेंटर १९८३ मध्ये याच दिवशी गेली, अवघ्या ३२ व्या वर्षी.