हुडिनी बुडून मेला का?

प्रश्न: पाण्याच्या पेटीतून सुटता न आल्याने सुटकेचे खेळ करणारा जादूगार हॅरी हुडिनी बुडून मेला, असं ऐकत आलोय. खरं आहे का? त्याला काही सिद्धी होती का? माझा बारा वर्षांचा भाचा त्याच्यापायी वेडा झालाय, त्याला हे प्रयोग करू द्यावेत का?

उत्तर: नाही, हुडिनी बुडाला नाही. मी स्वतः सुटकेचे प्रयोग करतो, त्यामुळे ही दंतकथा मला फार लागते. ज्या पेटीतून तो 1912 पासून वर्षानुवर्षं सुटत राहिला, तिनेच त्याला हरवलं असं ती सांगते! ऑक्टोबर 1926 मध्ये आल्बनीला त्याच पेटीत उतरवताना त्याचा घोटा मोडला, एवढं खरं. पुढे माँट्रियलला तो कोचावर पडलेला असताना एका विद्यार्थ्याने त्याच्या पोटात ठोसे मारले. पोट आवळून घ्यायलाही त्याला सवड मिळाली नाही. फुटलेलं अपेंडिक्स आणि अंगात सणसणून ताप, तरी डेट्रॉइटचा खेळ त्याने केलाच. 31 ऑक्टोबरला तिथल्याच इस्पितळात तो गेला, वय 52. अपेंडिक्स ठोशांमुळेच फुटलं का, यावर डॉक्टरांचं आजही एकमत नाही.

सिद्धीचं म्हणाल, तर शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल याचीही तशीच ठाम समजूत होती. हुडिनी मात्र शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिला. मृतात्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्यांची बिंगं त्याने भर सभेत फोडली. मला त्याचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

त्याची विद्या हातात होती. स्ट्रेटजॅकेटचंच बघा, म्हणजे लांब बाह्यांनी हात अंगाशी जखडून टाकणारा जाड कापडी अंगरखा. बाह्या पाठीमागे बांधल्या जात असताना जोरकस हात वर ठेवायचा, छाती फुगवायची, म्हणजे नंतर थोडी ढील मिळते. त्या ढिलीवर कोपर रेटत रेटत डोक्यावरून पुढे आणायचं. मग बाह्यांचे पट्टे दातांनी सोडवायचे आणि पाठीवरचे बक्कल जाड कापडातूनच बोटांनी चाचपत काढायचे. खांदे भरून येतात, कातडं सोलवटतं. हेच तो इमारतीवरून उलटं लटकून, खाली हजारो लोक बघत असताना करायचा.

भाच्याला जुनी कुलपं खोलून आतली रचना बघू द्या, दोरीच्या गाठी शिकू द्या, पण कुणी मोठं माणूस जवळ असतानाच. गळ्याभोवती काही नको. पाणी आणि बंद पेटी तर अजिबात नको. खुद्द हुडिनीच्या पेटीशेजारीसुद्धा काच फोडायला कुऱ्हाड घेतलेला मदतनीस उभा असे.