‘कोर्ट’चा शेवट आणि अर्धे रिकामे सभागृह

प्रश्न : विचारप्रवर्तक मराठी चित्रपटांच्या आपल्या यादीत ‘सामना’, ‘उंबरठा’, ‘फँड्री’ यांच्या पंक्तीला ‘कोर्ट’ही होता. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही तो दाखवला. बरेच सभासद मध्येच उठून गेले आणि उरलेल्यांनी ‘निकाल काय लागला?’ असे मलाच विचारले. शेवटचा सहलीचा भाग तर अनावश्यक आणि न्यायाधीशांची टिंगल करणारा वाटला. ही निवड आपण मागे घ्याल का? आणि पुढच्या महिन्यात काय दाखवावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : निवड मागे घेत नाही, मात्र उठून गेलेल्या सभासदांना दोषही देत नाही. ‘सामना’तले मास्तर ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ या प्रश्नाचा पिच्छा सोडत नाहीत आणि अखेर प्रेक्षकाला उत्तर मिळते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधल्या नारायण कांबळे या वृद्ध शाहिराचे काय झाले, हे मात्र कळतच नाही. त्यांच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. जामिनावर सुटावे, तर दुसऱ्या कायद्याखाली पुन्हा अटक. निकाल दाखवला असता, तर न्याय झाला किंवा अन्याय झाला, एवढे म्हणून आपण मोकळे झालो असतो आणि शिक्षा निकालाआधीच, तारखांमधूनच भोगून होते, ही गोष्ट निसटली असती.

संथपणाचे म्हणाल, तर मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष पुन्हा पाहावी. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकत असे, झुरळ बाहेर आले तर खाली हवा आहे असे समजत असे आणि घाण वास सोसावा म्हणून दारू पीत असे, हे ती कोणताही गहिवर न आणता सांगते. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा तिच्या डोळ्यांतले पाणी शोधायला जात नाही. हीच साक्ष घाईने उरकली असती, तर ती नुसती माहिती झाली असती.

आता शेवटाविषयी. उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे मालवतात, पडदा काळा होतो. चित्रपट इथेच संपायला हवा होता, असे म्हणणारे जाणकारही मला भेटले आहेत. पण त्यानंतरच, सहलीच्या भागात, न्यायाधीश सदावर्ते काळा कोट उतरवून माणूस म्हणून समोर येतात. एका मुलाच्या अडचणीवर ते नाव बदलण्याचा आणि खड्याच्या अंगठीचा उपाय सुचवतात. पुढे बाकावर डुलकी लागलेली असताना मुले ओरडून दचकवतात, तेव्हा हाती लागलेल्या एका मुलाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ज्या चित्रपटात प्रत्येक गोष्ट पुढच्या तारखेवर जाते, त्यात सुनावणीवाचून जागच्या जागी झालेला हा एकमेव निवाडा आहे! याला टिंगल म्हणता येणार नाही. सदावर्ते दुष्ट नाहीत, लाचखाऊही नाहीत, आपल्या सोसायटीत राहणाऱ्या कोणाहीसारखे आहेत. नेमके हेच बोचते. घरी स्वयंपाक करणाऱ्या, लोकलने जाणाऱ्या सरकारी वकील बाईंविषयीही हेच म्हणता येईल. (ही भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनी अप्रतिम केली आहे.)

पुढच्या महिन्यासाठी ‘अस्तु’ निवडावा. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे निघून जातात, ही कथा आपल्या सभासदांना परकी वाटणार नाही आणि मोहन आगाशे यांच्यासाठी तरी कोणी मध्येच उठणार नाही. ‘कोर्ट’ मात्र पुन्हा कधी लावलात, तर निकाल लागत नाही, हे आधीच सांगून टाकावे. त्याने रसभंग होत नाही.