ओढ्यातला पाइप, शेतातला पाइप आणि फेडरल पैसा

या महिन्यात अमेरिकेतल्या वाचकांची तीन पत्रं घेतलीत, तिन्ही पाण्याचीच आहेत. मी सांडपाणी प्लँटच्या लॅबमधे बरीच वर्षं काढली त्यामुळे ही पत्रं आली की मला राहवत नाही, उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. घरांच्या मागून एक ओढा जातो, पुढे तो रॅरिटन नदीला मिळतो. ओढ्यात काँक्रीटचा एक पाइप उघडतो आणि पाऊस नसतानाही त्यातून पांढरट फेसाळ पाणी येतं, वास साबणासारखा. आम्ही दहा-बारा घरं मिळून महिन्यातून एक रविवार ओढ्यातला कचरा काढतो. टाऊनला मेल केला तर 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर आलं. फेडरल कायद्याखाली काही होईल का? आणि सफाईसाठी फेडरल ग्रँट आमच्या ग्रुपला थेट मिळते का?

उत्तर : तुमच्या पत्रातले सगळ्यात मोलाचे शब्द म्हणजे 'पाऊस नसतानाही'. तुमच्याकडे पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी आणि मैल्याची वेगळी असते, पावसाची लाइन कुठल्याही प्लँटला न जाता सरळ ओढ्यात सुटते. मग तीन दिवस कोरडे गेल्यावरही ती वाहत असेल तर एक तर जमिनीतलं पाणी झिरपतंय किंवा पिण्याच्या पाण्याची लाइन फुटलीय, नाहीतर कुणाचं तरी वॉशिंग मशीन किंवा मैल्याची लाइन चुकून तिला जोडलीय. तुम्ही साबणाचा वास म्हणताय म्हणजे मला तिसरंच वाटतं.

हे शोधायची एक साधी पद्धत आहे, खर्च जवळपास नाही. कपड्यांच्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून एक द्रव्य घालतात, ते कापसाला चिकटतं. ब्राइटनर न लावलेला साधा कापसाचा पॅड प्लॅस्टिकच्या जाळीत घालून पाइपच्या तोंडाशी बांधा, दुसरा तसाच पॅड पाइपच्या वरच्या अंगाला ओढ्यात बांधा, चार-पाच दिवसांनी दोन्ही काढून सावलीत सुकवा आणि अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्चखाली शेजारी शेजारी धरा. पाइपचा पॅड निळसर चमकला आणि वरचा मळकट तसाच राहिला की समजायचं धुण्याचं पाणी येतंय. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा पॅड लग्नातल्या नव्या सदऱ्यासारखा चमकत होता. पाइपच्या आत मात्र अजिबात शिरू नका आणि बांधायच्या आधी टाऊनला कळवा. हा कोर्टातला पुरावा नाही, पण असा फोटो गेला की डाय टेस्टला नाही म्हणणं अवघड होतं. म्हणजे संशय असलेल्या घरांच्या टॉयलेटमधे रंग टाकून फ्लश करायचा आणि तो ओढ्यात येतो का बघायचं.

आता कायदा. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टचा कणा एकच, पाइप, नाला, चर अशा ठरावीक जागेतून नदीओढ्यात काही सोडायचं तर परमिट पाहिजे. टाऊनच्या पावसाच्या लाइनलाही परमिट लागतं, मोठ्या शहरांना १९९० च्या नियमांनी आणि लहान गावांना १९९९ च्या नियमांनी, आणि त्यात स्पष्ट अट असते की लाइनमधे चोरून किंवा चुकून आलेलं घाण पाणी टाऊनने शोधून बंद करायचं. म्हणजे तुम्ही उपकार मागत नाही आहात, टाऊनला हे करणं भाग आहे. पुढच्या मेलमधे तारखा, वेळा, शेवटचा पाऊस कधी झाला आणि फोटो द्या, टाऊनच्या स्टॉर्मवॉटर कोऑर्डिनेटरच्या नावाने पाठवा आणि कॉपी राज्याच्या पर्यावरण खात्याला, त्यांची चोवीस तासांची हॉटलाइनही आहे. पाइपांचा नकाशा मागून घ्या, तुमच्या पाइपला त्यात नंबर असेल, तोच नंबर प्रत्येक मेलमधे लिहा म्हणजे 'कुठला पाइप' हा प्रश्नच उरत नाही. अजून एक, २०२३ मधे सॅकेट नावाच्या खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने फेडरल कायद्याची हद्द आवळली, बहुतेक वेळा कोरडे असणारे ओहोळ आणि बऱ्याच पाणथळ जागा बाहेर गेल्या, पण तुमचा ओढा बारमाही वाहून रॅरिटनला मिळत असेल तर त्या बाबतीत काळजी नको.

आता पैसा, आणि इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा मागून सांगते. हा कायदा झाला तेव्हा भांडणच पैशावरून होतं. सांडपाणी प्लँट बांधायला तीन वर्षांसाठी १८ अब्ज डॉलर ठेवले होते, राष्ट्राध्यक्ष निक्सन म्हणाले परवडत नाही आणि १७ ऑक्टोबर १९७२ ला व्हेटो केला, दुसऱ्याच दिवशी काँग्रेसने दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमताने तो मोडून काढला. तरी निक्सन यांनी पहिल्या दोन वर्षांचे अर्ध्याहून जास्त पैसे अडवून ठेवले, न्यूयॉर्क शहर कोर्टात गेलं आणि १९७५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पैसे सोडावेच लागतील. त्या काळी प्लँटच्या खर्चाचे ७५ टक्के वॉशिंग्टन देत होतं, नंतर ते ५५ वर आलं, आणि १९८७ ला काँग्रेसने ग्रँट हळूहळू बंद करून कर्जाची पद्धत आणली. म्हणजे केंद्र राज्याला भांडवल देतं, राज्य त्यात साधारण २० टक्के घालतं, गावांना कमी व्याजाने कर्ज देतं आणि परत आलेला हप्ता पुढच्या गावाला. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने २०२२ ते २०२६ या पाच वर्षांसाठी यात ११.७ अब्ज जादा घातले आणि त्यातला जवळपास निम्मा भाग कर्जमाफीच्या किंवा ग्रँटच्या रूपात द्यायला सांगितला.

हा फंड तुमच्या ग्रुपला बहुधा मिळणार नाही, तो टाऊनने मागायचा. राज्य दरवर्षी या पैशाची योजना आणि प्रकल्पांची यादी काढतं आणि त्यावर लोकांची मतं मागवतं. ती यादी उघडून टाऊनचं नाव शोधा, नसेल तर काउन्सिलच्या मीटिंगमधे उभं राहून विचारा की का नाही. माझ्या अनुभवात हा एक प्रश्न दहा तक्रारींपेक्षा जास्त काम करतो.

ग्रुपला चालेल असा पैसा याच कायद्याच्या कलम ३१९ चा. जमिनीवरून वाहून येणाऱ्या घाणीसाठी तो आहे, येतो केंद्राकडून पण वाटतं राज्य, आणि संस्था, युनिव्हर्सिटी, काउंटी यांना मिळू शकतो. चाळीस टक्के वाटा बिगर-फेडरल लागतो, म्हणजे ५०,००० डॉलरच्या कामात ३०,००० त्यांचे आणि २०,००० तुमच्या बाजूचे. घाबरू नका, त्या वीस हजारांत स्वयंसेवकांचे तास धरता येतात, तेव्हा आजपासून दर रविवारी वहीत नावं, तास आणि सह्या घ्या, मागून आठवून लिहिलेले तास कुणी मानत नाही. पण एक खाच आहे, परमिटखाली जे काम करणं टाऊनला भागच आहे त्यावर ३१९ चा पैसा खर्चता येत नाही. तुमचा पाइप शोधून बंद करणं त्यातच येतं. ओढ्याच्या काठावर झाडं लावणं, धसलेला काठ सावरणं असं काम परमिटात नसेल तर चालेल, फक्त त्यामागे पूर्ण पाणलोटाचा प्लॅन लागतो, घाण कुठून किती येते, किती कमी करायची, मोजणार कसं, हे सगळं त्यात आलं पाहिजे. नुसता कचरा उचलण्याच्या अर्जाला हे पैसे मिळणं कठीण. रॅरिटनच्या खोऱ्यात काम करणाऱ्या संस्था आधीपासून आहेत, त्यांच्या प्लॅनमधे आपला ओढा घालून घ्या, नवी संस्था काढण्यात दोन वर्षं घालवू नका.

प्रश्न : ताई, आम्ही आयोवात डेस मॉइन्सला राहतो. २०२५ च्या जूनमधे पाण्यात नायट्रेट वाढलं म्हणून लॉनला पाणी घालायला बंदी केली होती. वरच्या शेतांखाली पाइप टाकलेत, त्यातून हे नदीत येतं असं सगळे म्हणतात. पाइप असेल तर मग परमिट का नाही?

उत्तर : बरोबर जागी बोट ठेवलंत, कायद्यातलं सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे. तिकडची काळी जमीन मुळात दलदलीची, म्हणून पिकाच्या मुळांखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढतात, त्याला टाइल म्हणतात, आणि पिकाने न उचललेलं नायट्रेट त्या पाण्यासोबत चरात आणि चरातून नदीत. डोळ्यांना तो पाइपच दिसतो. पण परमिट लागणारी 'ठरावीक जागा' कुठली, याच्या कायद्यातल्या व्याख्येतच लिहून ठेवलंय की शेतातून येणारं पावसाचं पाणी आणि सिंचनाचं परत येणारं पाणी यात धरायचं नाही. डेस मॉइन्सच्या पाणी खात्याने २०१५ मधे वरच्या तीन काउंटींतल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टवर, म्हणजे शेतातलं पाणी काढणाऱ्या चर-पाइपांची व्यवस्था बघणाऱ्या स्थानिक संस्थांवर, नेमका हाच मुद्दा घेऊन केस केली होती. २०१७ मधे ती निकालात निघाली, पण कशावर, तर आयोवाच्या कायद्याने त्या डिस्ट्रिक्टना अधिकारच इतके थोडे आहेत की त्यांच्याविरुद्ध निकाल देऊन उपयोग नाही यावर. टाइल म्हणजे कायद्याने पाइप की नाही, हा प्रश्न तसाच राहिला, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, तान्ह्या बाळांच्या रक्तातला ऑक्सिजन कमी होतो म्हणून, आणि ती सांभाळायची जबाबदारी पाणी खात्याची. म्हणजे घाण वर होते आणि ती काढायचा खर्च तुमच्या बिलात येतो.

सक्ती नाही म्हणून सगळा भर पैशावर. टाइलचं पाणी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या खड्ड्यातून सोडलं की त्यातले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात, किंवा काठाच्या गवताखाली ते मुरू द्यायचं, किंवा हिवाळ्यात शेत उघडं न ठेवता राय पेरायची, आणि यासाठी शेतीखात्याच्या इक्विप योजनेतून शेतकऱ्याला खर्चाचा वाटा मिळतो. शहराच्या बाजूने आयोवात एक फार चांगली सोय आहे. शहर त्याच कर्ज फंडातून सांडपाणी प्लँटसाठी पैसे घेतं तेव्हा व्याज कमी करून देतात आणि वाचलेला पैसा पाणलोटातल्या कामाला लावतात, म्हणजे शहराचा हप्ता वाढत नाही आणि वर ओढ्यात कामही होतं. तुमचं शहर पुढचं कर्ज कधी घेतंय ते विचारा, ती वेळ गेली तर ही संधीही गेली.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या कारखान्याने परमिट मोडलं, मोठा दंड झाला. नदीला त्यातलं काय मिळालं?

उत्तर : दंड फेडरल असेल तर थेट काहीच नाही, तो सरकारी खजिन्यात जातो. नागरिकांनी स्वतः केस केली तरी दंड त्यांच्या खिशात येत नाही, फक्त वकिलाचा खर्च मिळू शकतो. पण अशी केस बऱ्याचदा तडजोडीत मिटते आणि तडजोडीत कारखान्याने नदीच्या कामाला अमुक रक्कम द्यावी असं लिहून घेता येतं, न्याय खात्याला तो मसुदा बघायला ४५ दिवस मिळतात. सरकारने स्वतः केलेल्या तडजोडीत असं काम घालायचं की नाही हे मात्र सरकार बदललं की बदलतं. तुम्हाला केस करायचीच असेल तर कारखान्याला, ईपीएला (केंद्राच्या पर्यावरण खात्याला) आणि राज्याला ६० दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते, आणि उल्लंघन अजून चालू असलं पाहिजे, फक्त मागे घडून संपलेल्यावर केस उभी राहत नाही, हे १९८७ मधेच सुप्रीम कोर्टाने ठरवलंय. तेव्हा कारखान्याचे महिन्याचे तपासणी रिपोर्ट आधी काढा, ते कायद्याने सगळ्यांना खुले असतात आणि बरेचसे ईपीएच्या इको नावाच्या डेटाबेसवर मिळतात. शेवटच्या तीन महिन्यांत मर्यादेवर गेलेला एक जरी आकडा सापडला तर मला परत लिहा.